मी आडवी, भाऊ उभा आणि पाण्याची घसरगुंडी

आमच्या घरात माझा धाकटा भाऊ लांबीत वाढला आणि मी रुंदीत. तो सव्वासहा फूट. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या खोलीत येताना दारात त्याची मान आपोआप वाकते, आणि जिथे दार नाही, मोकळं आभाळ आहे, तिथेही सवयीने वाकलेलीच असते. मी जेमतेम पाच फूट, पण रिक्षात बसले की रिक्षावाला पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, नुसता आरशात बघून उसासा टाकतो. आम्ही दोघं बाजारात निघालो की लोक आधी वर बघतात, मग आडवं बघतात, मग आपापल्या कामाला लागतात.

मी घरी ब्लाउज शिवते. भाऊ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापड सुकवायच्या मशीनवर आहे. बापाच्या मागोमाग खानदेशातून सुरतेत आलो तेव्हा आम्ही दोघंही लहान होतो, त्यामुळे घरात अहिराणी आणि बाहेर समोरचा बोलेल ते, असा आमचा कारभार.

कुठेही फिरायला गेलं की पिशव्या सांभाळायचं काम माझ्याकडे असे. हे कोणी ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं एका पाळणेवाल्याने. मी सतरा वर्षांची असताना आम्ही पाचसहा चुलत-मावस बहिणी मेळ्यात गेलो होतो. मोठ्या गोल पाळण्यासमोर रांगेत माझा नंबर आला तेव्हा त्या माणसाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मला एकटीला एका पेटीत बसवलं, आणि बरोबर समोरच्या पेटीत माझ्या चार बहिणी कोंबल्या. "हां, आता झालं बराबर," असं मोठ्याने म्हणाला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळणा फिरला, मी वर गेले, वरून सगळं सुरत दिसत होतं म्हणे. मी मांडीकडे बघत बसले होते.

त्यानंतर मी सांगायला लागले की मला चक्कर येते. पंचवीस वर्षं सांगितलं. इतकं सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

मग गेल्या हिवाळ्यात मिलच्या शेठने कामगारांना एका पार्कचे पास वाटले. कामरेजच्या पुढे हायवेला लागून झालेला, उंच झोक्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा मोठा पार्क. भाऊ पास घेऊन संध्याकाळी आमच्याकडे आला. वहिनी बाळंतपणासाठी माहेरी, माझ्या नवऱ्याची लूमवर दिवसपाळी, तेव्हा जाणारे आम्ही तिघं: भाऊ, मी आणि माझी मुलगी. मुलगी दहावीत. ती अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "मी नाही येत. मला चक्कर येते."

माझ्या हातात कात्री होती, ती तशीच राहिली. पोरगी आजवर कुठल्याच पाळण्यात बसलेली नव्हती. मग चक्कर आली कधी? तिच्या शाळेच्या ड्रेसची शिलाई मी जूनमध्ये उसवून सैल केली होती आणि दिवाळीनंतर पुन्हा केली होती. तिची अंगकाठी माझ्यावर जातेय हे मला दिसत होतं. पण माझी थापसुद्धा तिने उचलली आहे, हे त्या संध्याकाळी कळलं.

"आपण जायचं," मी म्हणाले. "आणि मी बसणार आहे."

"कशात?" भावाने विचारलं.

"जे असेल त्यात."

भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पासांकडे, आणि म्हणाला, "पट्टा पुरी ना वं आक्का?" पुरेल ना, असं.

दुसऱ्या दिवशी मी पार्कला फोन लावला. "तुमच्या पाळण्याचा पट्टा किती इंची आहे?" असं हिंदीत विचारलं. पलीकडच्या माणसाने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाला, "मॅडम, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही." मी म्हटलं, आता विचारलंय. त्याने कुणाला तरी विचारून सांगितलं, "स्टँडर्ड आहे." मी विचारलं, "स्टँडर्ड म्हणजे कुणाच्या कमरेचं?" त्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही या तर खरं." पुढे त्याने स्वतःहून माहिती दिली की पाण्यात उतरायला नायलॉनचाच पोशाख लागतो, साधे कपडे चालत नाहीत, पण काळजी नको, पोशाख तिथे भाड्याने मिळतो, फ्री साइज आहे.

फ्री साइज म्हणजे काय ते मला कापडाच्या गावात राहून नको का कळायला? जिला होतं तिच्यापुरती फ्री. मी फोन ठेवला आणि तुकड्यांचं कापड विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानात गेले. तिथे ताणलं की ताणणारं, पाण्यात न फुगणारं झकास कापड होतं, फक्त छपाईत चुकलेलं. निळ्यावर हिरवे पोपट, आणि लाल रंग अर्धा इंच सरकल्यामुळे प्रत्येक पोपटाला दोन चोची. गठ्ठाच्या गठ्ठा पडून होता. मी तिघांपुरतं आणलं. मला आणि मुलीला गुडघ्यापर्यंतचा झगा आणि खाली तंग पायजमा, भावाला लांब चड्डी. भावाच्या चड्डीलाच सगळ्यात जास्त कापड लागलं, हे मी मुद्दाम मुलीला दाखवलं.

"आई, सगळे बघतील," ती म्हणाली.

"बघू दे. पोपटांकडे बघतील."

रविवारी सकाळी बसने कामरेज आणि तिथून रिक्षा. रिक्षात भाऊ स्वतःच्या गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसला होता. मी उरलेल्या जागेत, आणि पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. पार्कच्या दारातून आत शिरलो तर समोरच ती मोठी आगगाडीसारखी रुळांवरून उलटीसुलटी धावणारी गाडी. वरून किंकाळ्या येत होत्या. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "चला, आधी हीच."

रांग अर्ध्या तासाची होती. आमचा नंबर आला. मुलगी खिडकीशी बसावी तशी कडेला बसली, मी तिच्या शेजारी, भाऊ मागच्या रांगेत. डोक्यावरून एक जाड दांडा खाली येतो आणि छातीपोटावर बसतो, तशी व्यवस्था. मुलीचा दांडा आला आणि खट्ट करून बसला. माझा आला आणि पोटावर थांबला. गाडीवाल्याने दाबला. पुन्हा दाबला. मग दुसऱ्या मुलाला हाक मारली. दोघांनी मिळून मला असं दाबायला घेतलं की जणू लग्नाला निघालेल्या माणसाची बॅग बंद करताहेत. मी श्वास धरून ठेवला होता. नंतर कळलं की नेमका तोच सोडायचा असतो. भरलेल्या गाडीतले लोक माना वळवून बघत होते. मागून एक आजोबा विचारत होते, "शुं थयुं? बगडी गई?" गाडी बिघडली का, असं.

"बेन, नहीं थाय," गाडीवाला म्हणाला. "नीचे ऊतरी जाव."

मी उतरले. उतरणंही सोपं नव्हतं, एक पाय आत राहिला. तेवढ्यात पाठीमागे पुन्हा खट्ट आवाज झाला. मुलीने त्या माणसाला सांगून आपला दांडा उघडून घेतला होता. "मला पण नाही बसायचं," ती म्हणाली आणि माझ्या मागोमाग आली. आणि भाऊ? भावाचे गुडघे पुढच्या सीटला असे भिडले होते की तोही बसूच शकत नव्हता. तर आम्ही तिघं एका रांगेत, सगळ्या लोकांसमोरून, बाहेरच्या फाटकाकडे निघालो. माझं मला फार वाटलं नाही, मला सवय होती. पण पोरगी खट्ट झालेली जागा सोडून माझ्यासाठी उतरली, ते मला बोचलं. म्हणजे मी तिला वर न्यायला आले होते आणि तिला घेऊन खालीच चालले होते.

"जाऊ दे," भाऊ म्हणाला, "दुसरी गाडीमा बठूत."



बाहेरच्या फाटकाशी स्टुलावर एक बाई बसली होती. पार्कचा निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि अंगाने माझ्याहून दोन बोटं जास्तच. आम्हाला अहिराणीत कुजबुजताना ऐकून तिने हाक मारली. "काऊन उतरल्या बाई तुम्ही?" वऱ्हाडातली होती.

मी म्हटलं, "दांडा नाही बसला."

"कुठल्या सीटवर बसवलं तुम्हाले?"

"मधल्या."

तिने कपाळावर हात मारला. "तो पोरगा नवीन हाये. त्याले समजत नाही. मागच्या डब्यात शेवटची रांग मोठी असते, तिथं दांडा दोन खाचा जास्त उघडतो. आपल्यासारख्यांसाठीच हाये ते." ती आपल्यासारख्यांसाठी असं म्हणाली, तेव्हा मला तिच्या स्टुलावर अर्धं बसावंसं वाटलं. मग तिने मला तिथेच उभ्या उभ्या शिकवलं. "आधी पुरं मांगं सरकायचं. पाठ टेकवायची. ताठ व्हायचं. अन् श्वास सोडून द्यायचा, धरायचा नाही. मंग दांडा आपणच ओढायचा, त्याच्या हातात द्यायचाच नाही. अन् तरीबी खट्ट नाही झालं तं बसायचं नाही. मंग मीच तुम्हाले उतरवीन, हे बी सांगून ठेवतो."

भावाकडे तिने मान वर करून, स्टूल थोडं मागे सरकवून पाहिलं. "तुम्ही सगळ्यात पुढं बसा भाऊ. तिथं पाय सोडायले जागा हाये. अन् हात वर करायचे नाही. बाकीच्यायनं केले तं चालते, तुम्ही नाही."

तिने आम्हाला फाटकातूनच परत वर नेलं. मी शेवटच्या रांगेत बसले. मागे सरकले, ताठ झाले, आत होता नव्हता तेवढा श्वास सोडला आणि दांडा दोन्ही हातांनी ओढला. खट्ट! ब्लाउजचं टिचबटण लागतं तसा स्वच्छ आवाज. त्या बाईने दांडा दोनदा ओढून पाहिला आणि अंगठा दाखवला. शेजारी मुलगी बसली. ती माझ्याकडे बघत होती, मी रडते की हसते ते तिला कळत नसावं. मलाही कळत नव्हतं.

गाडी वर चढायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पंचवीस वर्षं मी अगदी शहाणपणाने वागत होते. टोकावर ती एक क्षण थांबली. हायवेवरचे ट्रक काड्यापेटीएवढे दिसत होते. मुलीने माझा हात धरला, मी म्हणाले, "घाबरू नको गं, मी आहे ना," आणि पुढचं वाक्य माझं खाली पोचेपर्यंत संपलं नाही. ते नुसतं आ होतं. मी इतकी ओरडले की शिंपिणीच्या कामात कधी वापरायला न मिळालेला सगळा आवाज तिथे निघाला. पुढून भावाचं "ओ माय वं! ओ माय वं!" ऐकू येत होतं. आणि शेजारी पोरगी हसत होती. दात काढून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. गाडी उलटी झाली तेव्हाही हसत होती.

खाली उतरल्यावर फोटो दाखवतात. आमच्या फोटोत मुलगी हसताना, मी डोळे मिटून तोंड उघडलेली, दाढा दिसताहेत. सगळ्यात पुढे भाऊ गळ्यापर्यंत आलाय. डोकं फोटोच्या बाहेर गेलं.

"चक्कर आली?" मी मुलीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुला?"

"थोडी. पण खरी आली."

दुपारी आम्ही पोपट घालून पाण्याकडे गेलो. भाड्याच्या पोशाखाच्या खिडकीसमोरून जाताना तिथे रांगेतल्या तीन बाया भांडत होत्या की फ्री साइज पोशाख खांद्यावरून खाली येत नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. एकीने विचारलं, "ताई, हा कुठल्या खिडकीवर मिळाला?" मी फार दिवसांनी इतक्या रुबाबात चालले असेन.

भावाने आधी बंद नळीतली घसरगुंडी धरली. ती नळी वळणावळणाची होती आणि भाऊ सरळ होता. एका वळणावर तो आडवा अडकला. वरचा माणूस शिट्टी वाजवतोय, खालचा माणूस शिट्टी वाजवतोय, आणि नळीच्या पोटातून भावाचा आवाज येतोय, "पाय कुठे गेलेत माझे?" शेवटी गुडघे पोटाशी घेऊन तो सुटला, आणि ज्या कुंडात बाकीचे गटांगळ्या खात होते तिथे नुसता उभा राहिला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत.

मग ती गोल होडी. रबराची मोठी चारजणांची होडी असते, उंच मचाणावरून पाण्याबरोबर सुटते आणि एका अवाढव्य नरसाळ्यात जाऊन इकडच्या भिंतीवरून तिकडच्या भिंतीवर झोके घेते. पायऱ्यांच्या तळाशी वजनकाटा होता, गुरं तोलायचा असावा एवढा. होडीत बसणाऱ्या सगळ्यांनी त्यावर एकदम उभं राहायचं आणि समोर लाल आकडा झळकणार. मी तिथे थबकले. मग लक्षात आलं की सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो, कुणाचा किती ते देवालाच ठाऊक. मी भावाला म्हणाले, "आकडा मोठा आला तर तुझ्या उंचीवर घालायचा." आम्ही तिघं उभे राहिलो. आकडा आला. काट्यावरचा माणूस म्हणाला, चालेल, पण चौथं माणूस एकदम बारीक घ्या.

मागे नर्सिंगच्या कोर्सच्या तीन मुली उभ्या होत्या. तिघी मिळून माझ्या एका मांडीएवढ्या. त्यांची होडी मघाशी नरसाळ्यात शिरल्यावर भिंतीवर चढलीच नव्हती, मधोमध गोल फिरत राहिली आणि शेवटी तिथल्या माणसाने बांबूने ढकलून बाहेर काढली होती. त्यांतली एक आमच्यात चौथी आली.

होडी सुटली. नरसाळ्यात शिरली आणि जी उजव्या भिंतीवर चढली ती चढतच राहिली. वर, वर, पार काठापर्यंत. तिथे ती क्षणभर अशी उभी राहिली की मला भावाचे पाय आभाळात आणि डोकं खाली दिसलं. मग आम्ही धाडकन खाली, आणि दुसऱ्या भिंतीवर तेवढेच वर. खालच्या कठड्यावर उभी असलेली माणसं "ओहोहो" करत होती. बाहेर पडल्या पडल्या ती नर्सिंगची मुलगी होडीतून उडी मारून उतरली. तिने मैत्रिणींना हाका मारल्या आणि तिघी माझ्यापाशी धावत आल्या.

"मासी, अमारी साथे बेसो ने! तमारी साथे ठेठ ऊपर जाय छे!"

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या. आमच्याबरोबर बसा, तुमच्याबरोबर होडी थेट वरपर्यंत जाते. काट्यावरच्या माणसानेही मान डोलावली. हलकी होडी रेंगाळते, भारी होडी उडते, म्हणाला.

मी त्यांच्याबरोबर गेले. मग एका काठियावाडी नवराबायकोबरोबर गेले, आठवतील तेवढ्या देवांची नावं इतक्या मनापासून घेताना मी पहिल्यांदाच कुणाला ऐकलं. मग त्या भाड्याच्या खिडकीवरच्या बाया आल्या, त्यांनी अंगावर घालायला काहीतरी जमवून आणलं होतं. रांगेत कुणीतरी विचारत होतं, "पोपटवाळां मासी क्यां छे?" पोपटवाल्या मावशी कुठे आहेत, असं. सात वेळा गेले मी. पायऱ्या चढताना गुडघे बोंब मारत होते. भाऊ प्रत्येक वेळी आमची होडी डोक्यावर घेऊन चढत होता. तोल जाऊ नये म्हणून त्याची मान एरवीसारखी वाकत नव्हती. सातव्यांदा उतरून कठड्याशी दम खात बसले, तेव्हा वर भिंतीच्या काठाला एक होडी टेकलेली दिसली. तिच्यात त्या तीन नर्सिंगच्या मुली होत्या आणि चौथी माझी मुलगी. त्यांनी तिला नेलं होतं, मला विचारलंही नव्हतं. तिचे दोन्ही हात वर होते.

चारच्या सुमाराला कपडे बदलले. बाहेर येताना साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा झोका दिसला, वर वर जात गोल फिरणारा. खाली एक नमुन्याची खुर्ची ठेवलेली होती, बसून बघायला. मी बसले, पाठ टेकवली, श्वास सोडला. साखळी आली नाही. चार बोटं कमी पडली. मी पुन्हा श्वास सोडून पाहिलं आणि स्वतःच उठले. भाऊ बसला तर त्याचे पाय जमिनीवरच राहिले, तो खुर्चीत बसल्यावरही चालू शकत होता. तिथल्या माणसाने हात जोडले.

मुलगी बसली. साखळी लागली. ती तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली. मला सकाळचं ते खट्ट आठवलं, आणि मी मुद्दाम मक्याच्या गाडीकडे बघत राहिले.

"मी जाऊ?" तिने विचारलं.

"जा ना."

ती गेली. आम्ही बहीणभाऊ खाली भाजलेला मका घेऊन उभे राहिलो, लिंबू-तिखट जास्त लावून. झोका वर गेला, फिरायला लागला. दर फेरीला ती आमच्या डोक्यावरून जाताना काहीतरी ओरडत होती आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. भाऊ प्रत्येक वेळी हात वर करून "हो, हो" म्हणत होता.

ती उतरून धावत आली. केस सगळे उभे, गाल लाल.

"मी ओरडत होते ते ऐकलं ना?"

"हो," भाऊ म्हणाला.

"मग माझ्यासाठी मका का नाही ठेवला?"